वेबर : रेषांची मोजणी की व्होल्ट-सेकंद?

'चुंबकीय अभिवाहाचे एसआय एकक कोणते?' या प्रश्नाला बारावीचा विद्यार्थी 'वेबर' असे अचूक उत्तर देतो आणि एक गुण मिळवतो. त्यालाच पुढे विचारावे, 'एक वेबर म्हणजे किती?' तो सांगतो, 'एक टेस्ला गुणिले एक चौरस मीटर.' मग टेस्ला म्हणजे किती? 'दर चौरस मीटरला एक वेबर.' येथे संभाषण संपते. वेबर टेस्लाकडे बोट दाखवतो, टेस्ला वेबरकडे बोट दाखवतो आणि विद्यार्थी दोघांच्या मधे उभा राहतो. गुण मिळालेले असतात, त्यामुळे काही बिघडले आहे असे कोणालाच वाटत नाही.

आमच्या मते बिघडले आहे, आणि दोष विद्यार्थ्याचा नाही. पाठ्यपुस्तके, मार्गदर्शके आणि प्रश्नसंच यांतून वेबरची ओळख ज्या व्याख्यांनी करून दिली जाते, त्या व्याख्या तपासून पाहण्याची वेळ आली आहे. एखाद्या पुस्तकाचे परीक्षण करावे तसे या लेखात आम्ही एका एककाच्या व्याख्यांचे परीक्षण करणार आहोत. कोणती व्याख्या काय सांगते, काय लपवते आणि वर्गात ती कितपत उपयोगी पडते, हे आमचे निकष आहेत.

प्रथम शब्दाविषयी. वर्गात कोणी 'चुंबकीय प्रवाह' म्हणतात, कोणी 'चुंबकीय अभिवाह', तर बहुतेक जण सरळ 'फ्लक्स' म्हणून मोकळे होतात. 'प्रवाह' हा शब्द आम्ही टाळतो. विद्युतप्रवाहात विद्युतप्रभार खरोखरच एका जागेहून दुसऱ्या जागी जातो. चुंबकाच्या उत्तर ध्रुवातून मात्र काहीही बाहेर वाहत नाही. एकाच धड्यात एक खरा प्रवाह आणि एक नावापुरता प्रवाह शेजारी शेजारी आले, की विद्यार्थ्याचा गोंधळ ठरलेलाच. 'अभिवाह' हा शब्दही निर्दोष नाही, पण तो रोजच्या वापरातला नसल्यामुळे निदान चुकीचे चित्र तरी डोळ्यांसमोर उभे करत नाही.

पहिली व्याख्या : रेषांची संख्या

सर्वांत लोकप्रिय व्याख्या अशी : एखाद्या पृष्ठभागातून लंब दिशेने जाणाऱ्या चुंबकीय बलरेषांची एकूण संख्या म्हणजे चुंबकीय अभिवाह. तिच्या पाठोपाठ बहुधा एक आकडा येतो : एक वेबर म्हणजे दहा कोटी बलरेषा.

हा आकडा आला कोठून? जुन्या सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत एक गाउस तीव्रतेचे क्षेत्र दाखवण्यासाठी दर चौरस सेंटीमीटरला एक रेषा काढावी, असा संकेत होता. त्या एका रेषेएवढ्या अभिवाहाला पुढे मॅक्सवेल हे नाव मिळाले. एक टेस्ला म्हणजे दहा हजार गाउस आणि एक चौरस मीटर म्हणजे दहा हजार चौरस सेंटीमीटर. म्हणून एक वेबर म्हणजे दहा कोटी मॅक्सवेल. गणित बरोबर आहे. पण रेषा किती काढायच्या हे आपणच ठरवले होते! नकाशावर दर दहा मीटर उंचीला एक समोच्च रेषा काढायची की दर पन्नास मीटरला, हे नकाशा काढणारा ठरवतो. डोंगराला त्याचा पत्ता नसतो. बलरेषांचेही तसेच आहे.

या व्याख्येचा पहिला दोष असा, की 'संख्या' म्हटल्यावर विद्यार्थी रेषा मोजायला निघतो. चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस भुरभुरला की रेषा दिसतात, त्या मोजता येतील असे त्याला वाटते. कीस जास्त टाकला, कागद जास्त वेळा टिचकला, तर रेषांची संख्या बदलते. चुंबक तोच असतो. दुसरा दोष असा, की संख्येला एकक कशाला लागते, या हुशार मुलाच्या शंकेला या व्याख्येजवळ उत्तर नाही. तिसरा आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे या व्याख्येवरून अभिवाह मोजण्याचे कोणतेही उपकरण सुचत नाही. जी व्याख्या मापनाची वाट दाखवत नाही, ती एककाची व्याख्या म्हणून अपुरी आहे.

येथे मायकेल फॅरडेवर अन्याय होऊ नये. बलरेषांची कल्पना त्याचीच. पण फॅरडेने त्या केवळ कागदावर पाहिल्या नाहीत. १८५१च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत त्याने चुंबकाजवळून तार फिरवली, तार गॅल्व्हानोमीटरला जोडली आणि सुईला बसणारा झटका नोंदवला. तार हळू फिरवली काय किंवा जलद फिरवली काय, जितक्या रेषा कापल्या जातात तितकीच एकूण वीज मिळते, असा निष्कर्ष त्याने काढला. म्हणजे बलरेषांच्या जनकाने रेषा मोजल्या त्या तार आणि गॅल्व्हानोमीटर वापरून! आमच्या पुस्तकांनी फॅरडेचे चित्र उचलले आणि त्याचे मापन मागे ठेवले.

दुसरी व्याख्या : टेस्ला गुणिले चौरस मीटर

दुसरी व्याख्या गणिताची आहे. क्षेत्राची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ गुणिले कोनाची कोज्या, म्हणजे अभिवाह. ती बिनचूक आहे आणि उदाहरणे सोडवण्यासाठी आवश्यकही आहे. तिच्यामुळे वेबर केवढा असतो याचा अंदाजही बांधता येतो, पण पुस्तकांत तो क्वचितच बांधलेला आढळतो. तो आपण बांधू.

महाराष्ट्रात पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक सुमारे ०.००००४ टेस्ला आहे. दोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद असे उत्तराभिमुख दार घेतले, तर त्या चौकटीतून जाणारा अभिवाह ०.००००८ वेबर भरतो. पृथ्वीच्या याच घटकाकडून एक पूर्ण वेबर मिळवायचा, तर २५,००० चौरस मीटरची, म्हणजे सहा एकरांहून मोठी उभी चौकट लागेल! शाळेतल्या पट्टीचुंबकाच्या टोकातून बाहेर पडणारा अभिवाह वेबरच्या एक लाखाव्या भागाच्या काही पट असतो. रुग्णालयातील १.५ टेस्लाच्या एमआरआय यंत्राच्या ६० सेंटीमीटर व्यासाच्या बोगद्यातून मात्र ०.४२ वेबर अभिवाह जातो. वेबर हे बरेच मोठे एकक आहे, हे अशा तीन आकड्यांत समजते.

पण व्याख्या म्हणून हिची अडचण आपण सुरुवातीलाच पाहिली. टेस्लाची ओळख स्वतंत्रपणे करून दिली असेल, म्हणजे एक अँपिअर धारा वाहणाऱ्या एक मीटर लांबीच्या लंब तारेवर एक न्यूटन बल निर्माण करणारे क्षेत्र असे सांगितले असेल, तर व्याख्या वर्तुळात फिरत नाही. अनेक ठिकाणी मात्र टेस्लाला 'वेबर प्रति चौरस मीटर' एवढेच म्हणून सोडून दिलेले असते आणि वर्तुळ पूर्ण होते.

याच जातीची आणखी एक व्याख्या म्हणजे मूळ एककांतली : किलोग्रॅम गुणिले मीटरचा वर्ग, भागिले सेकंदाचा वर्ग आणि अँपिअर. मिती तपासताना ती कामाची आहे. पण वेबरची ओळख म्हणून ती मुकी आहे. अभिवाहात किलोग्रॅम आला कोठून, हे विद्यार्थ्याला कळत नाही, म्हणून तो ती पाठ करतो.

तिसरी व्याख्या : जी पुस्तकांत शेवटी येते किंवा येतच नाही

वजने व मापे यांच्या आंतरराष्ट्रीय समितीने १९४६ मध्ये विद्युत एककांच्या व्याख्या निश्चित केल्या आणि १९४८च्या सर्वसाधारण परिषदेत त्या स्वीकारल्या गेल्या. त्यांतील वेबरच्या व्याख्येचा आशय असा : तारेच्या एका वेढ्यातून जाणारा अभिवाह एका सेकंदात सारख्या गतीने शून्यावर आणला असता त्या वेढ्यात एक व्होल्ट विद्युतदाब निर्माण होत असेल, तर तो अभिवाह एक वेबर.

या व्याख्येचे गुण मोजू या. तिच्यात एकही काल्पनिक रेषा नाही. तारेचा वेढा, घड्याळ आणि व्होल्टमीटर एवढीच सामग्री आहे. व्होल्ट विद्यार्थ्याला घटाच्या ओळखीमुळे आधीच माहीत असतो, सेकंद तर रोजचाच. अभिवाह मोजायचा कसा, हे व्याख्याच सांगते. आणि फॅरडेचा प्रवर्तनाचा नियम तिच्या पोटातच आहे, तो वेगळा पाठ करावा लागत नाही. थोडक्यात, एक वेबर म्हणजे एक व्होल्ट-सेकंद.

कोणी म्हणेल, हा तर नियमावरून काढलेला निष्कर्ष आहे, एककाचा मूळ अर्थ रेषांचाच. इतिहास याला दुजोरा देत नाही. इटलीचे अभियंते जोव्हान्नी जॉर्जी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद यांवर आधारलेली विद्युत एककांची पद्धत मांडली. तीच पुढे एसआय पद्धतीचा पाया ठरली. १९०२च्या हस्तलिखितात जॉर्जींनी नोंदवले आहे, की व्होल्ट आणि सेकंद यांच्या गुणाकाराला ब्रिटिश असोसिएशनने वेबर हे नाव दिलेले आहे. त्यानंतर १९३५ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने अभिवाहाच्या व्यावहारिक एककासाठी वेबर आणि जुन्या पद्धतीतील एककासाठी मॅक्सवेल ही नावे शिफारशीत दिली. म्हणजे रेषा मॅक्सवेलच्या वाट्याच्या होत्या. वेबर जन्मापासूनच व्होल्ट-सेकंद होता. आमच्या पुस्तकांनी मॅक्सवेलचे कपडे वेबरला घातले.

वर्गात काय करता येईल?

व्याख्येची परीक्षा प्रयोगाच्या टेबलावर होते. पीव्हीसी नळीच्या तुकड्यावर एनॅमलच्या बारीक तांब्याच्या तारेचे चारपाचशे वेढे द्यावेत. टोके घासून, मधे शून्य असलेल्या गॅल्व्हानोमीटरला जोडावीत. पट्टीचुंबक नळीत अर्ध्यापर्यंत ठेवून सुई स्थिर होऊ द्यावी, मग तो झटकन बाहेर काढून दूर न्यावा. सुई किती घरे उडाली ते लिहावे. असे पाच वेळा करावे. हात कधी थोडा जलद चालतो, कधी थोडा सावकाश, तरी सुईची उडी जवळजवळ तेवढीच राहते. विद्यार्थ्यांना याचे नवल वाटते, कारण 'जलद हलवले तर जास्त व्होल्टेज' हे त्यांनी पाठ केलेले असते.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जलद काढले तर व्होल्टेज जास्त, पण वेळ कमी. सावकाश काढले तर व्होल्टेज कमी, पण वेळ जास्त. गुणाकार तोच, कारण चुंबकाने वेढ्यांतून काढून घेतलेला अभिवाह तोच. सुई स्वतः संथ असते. झटका तिच्या झोक्याच्या मानाने फार लवकर संपला, तर ती गुणाकाराला दाद देते, क्षणिक व्होल्टेजला नाही. आता तोच चुंबक चारपाच सेकंद घेऊन अगदी हळू बाहेर काढावा. सुई जेमतेम हलेल, पण बराच वेळ बाजूला राहील. लहान व्होल्टेज आणि लांब वेळ, असे तेच व्होल्ट-सेकंद आता उलगडून दिसतात.

मग दोन सारखे चुंबक सजातीय ध्रुव एका बाजूला ठेवून दोऱ्याने बांधावेत आणि प्रयोग पुन्हा करावा. उडी जवळजवळ दुप्पट होते. पूर्ण दुप्पट का होत नाही, यावरही चर्चा होऊ शकते. दोन्ही चुंबक एकमेकांना थोडे दुबळे करतात आणि नळीत त्यांची जागाही किंचित बदलते.

एक सावधगिरी. वेढे दुप्पट केले तर उडी दुप्पट होईल, असे शिक्षक सांगून बसतात आणि प्रयोग फसतो. वेढे वाढले की तारेचा रोधही वाढतो आणि धारा अपेक्षेइतकी वाढत नाही. म्हणून दोन सारखी वेटोळी आधीपासूनच एकापुढे एक अशी, सर्व वेढे एकाच दिशेचे राहतील अशा बेताने जोडून ठेवावीत. चुंबक प्रथम एकाच वेटोळ्यातून काढावा. नंतर दोन सारखे चुंबक घेऊन, दोन्ही वेटोळ्यांत एकेक सारख्याच दिशेने ठेवून, ते एकाच वेळी एकाच दिशेला ओढावेत. परिपथाचा रोध तोच राहतो, त्यामुळे तुलना खरी ठरते.

घरातला वेबर

रेषांच्या व्याख्येने घरातल्या कोणत्याही उपकरणाचा उलगडा होत नाही. व्होल्ट-सेकंदांनी तो होतो. ट्रान्सफॉर्मर घेऊ.

आपल्या घरातील वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा आहे. अर्धे आवर्तन एका सेकंदाच्या शंभराव्या भागात पुरे होते. त्या काळातले सरासरी व्होल्टेज सुमारे २०७ व्होल्ट असते. २०७ गुणिले ०.०१ म्हणजे २.०७ व्होल्ट-सेकंद. म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्यातील सर्व वेढ्यांचा मिळून एकूण अभिवाह दर अर्ध्या आवर्तनात २.०७ वेबरने बदललाच पाहिजे. एका दिशेला १.०३५ पासून विरुद्ध दिशेला १.०३५ पर्यंत. वेबर या एककाची घरोघरी, सेकंदाला शंभर वेळा हजेरी लागते!

आता लोखंडी गाभ्याचा छेद १० चौरस सेंटीमीटर आहे आणि त्यात १.२ टेस्लापर्यंतचे क्षेत्र ठेवायचे आहे असे समजू. एका वेढ्यातून जास्तीत जास्त ०.००१२ वेबर जाईल, म्हणजे एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंतचा बदल ०.००२४ वेबर. २.०७ भागिले ०.००२४ म्हणजे सुमारे ८६० वेढे. लहान ट्रान्सफॉर्मरवर इतकी तार का गुंडाळलेली असते, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. वायंडिंगचे काम करणारा कारागीर 'दर व्होल्टला इतके वेढे' असा हिशेब वापरतो. तो हिशेब याच भागाकाराचे दुसरे रूप आहे.

ट्रान्सफॉर्मरला एकदिश वीज का चालत नाही? पुस्तक म्हणते, 'कारण अभिवाह बदलत नाही.' हे उत्तर अर्धवट आहे. २३० व्होल्टचा एकदिश दाब या वेटोळ्याला जोडला, तर अभिवाह बदलतो, आणि एकाच दिशेने वाढत जातो. १.०३५ व्होल्ट-सेकंदांची शिदोरी अवघ्या साडेचार हजारांश सेकंदात संपते. त्यानंतर लोखंड लवकरच संपृक्त होते, तारेत धारेला अडवायला फक्त तिचा स्वतःचा रोध उरतो, आणि वेटोळे जळते. (हा प्रयोग वर्गात मुळीच करू नये, कागदावरच करावा.)

अमेरिकेतून आणलेले, लोखंडी ट्रान्सफॉर्मर असलेले जुने उपकरण येथे लावले की का जळते? तेथील पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा. अर्ध्या आवर्तनात ०.९ व्होल्ट-सेकंद भरतात. आपल्याकडे २.०७, म्हणजे २.३ पट. तेवढा अभिवाह सोसण्याइतका त्या गाभ्याचा आकारच नसतो.

आणि मोबाइलचा चार्जर इतका हलका कसा? त्यात प्रथम वीज एकदिश करतात आणि मग ती अतिशय जलद गतीने चालू-बंद करून लहानशा ट्रान्सफॉर्मरला देतात. समजा ही वारंवारता ५० हजार हर्ट्झ आहे. मग अर्ध्या आवर्तनाला सेकंदाचा एक लाखावा भाग मिळतो. ३२५ व्होल्टचा दाब तेवढाच वेळ राहिला, तर ०.००३२५ व्होल्ट-सेकंद होतात. २.०७च्या मानाने हे सहाशे पटींहून कमी आहे. अभिवाहच इतका थोडा, तर लोखंडाचा जड गाभा हवाच कशाला? या जागी फेराइटचा एवढासा तुकडा पुरतो. दहा कोटी रेषा पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला यांपैकी एकही प्रश्न सोडवता येत नाही. व्होल्ट-सेकंद समजलेल्याला चारही सोडवता येतात.

रेषांच्या बाजूने काही

परीक्षण करायचे तर प्रतिपक्षाचेही ऐकले पाहिजे. बलरेषांचे चित्र आम्हाला टाकून द्यायचे नाही. क्षेत्राची दिशा, त्याचा दाटपणा, रेषा कोठेही सुरू होत नाहीत आणि संपत नाहीत ही महत्त्वाची गोष्ट, हे सर्व चित्रानेच उत्तम कळते. आमचा आक्षेप चित्राला एककाच्या व्याख्येची खुर्ची देण्याला आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. अभिवाह खरोखर मोजता येण्याजोग्या तुकड्यांत असू शकतो काय? होय, असतो. १९६१ मध्ये अमेरिकेत डीव्हर आणि फेअरबँक यांनी आणि जर्मनीत डॉल आणि नेबाउअर यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की अतिसंवाहक पदार्थाच्या पोकळ नळीत अडकलेला अभिवाह मनाला येईल तेवढा नसतो, तो एका ठरावीक पुंजाच्या पटीतच असतो. प्लांकचा स्थिरांक भागिले इलेक्ट्रॉनवरील प्रभाराची दुप्पट, एवढा हा पुंज आहे. २०१९ मध्ये एसआय पद्धतीत या दोन्ही राशींची मूल्ये कायमची निश्चित केली गेली, त्यामुळे पुंजाचे मूल्यही आता निश्चित आहे. एका वेबरमध्ये असे सुमारे ४८४ लाख कोटी पुंज मावतात.

म्हणजे रेषांची व्याख्या मागच्या दाराने बरोबर ठरली काय? नाही. ४८४ लाख कोटी कोठे आणि दहा कोटी कोठे! शिवाय हा पुंज संकेताने ठरवलेला नाही, तो निसर्गाने दिला आहे, आणि तो अतिसंवाहकाने वेढलेल्या अभिवाहात आढळतो. पट्टीचुंबकाभोवतीच्या हवेत असे मोजण्याजोगे तुकडे नसतात. उलट हा शोध व्होल्ट-सेकंदाचीच बाजू बळकट करतो. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये भाकीत केलेल्या परिणामानुसार, दोन अतिसंवाहकांच्या सांध्यावरील व्होल्टेज आणि तेथील विद्युत आंदोलनांची वारंवारता यांचे गुणोत्तर ठरलेले असते, आणि ते ठरवणारी राशी म्हणजे हाच अभिवाहाचा पुंज. राष्ट्रीय मापन प्रयोगशाळांतून व्होल्टचे प्रमाण आज याच परिणामावरून मिळवतात. तेथे वारंवारतेला पुंजाने गुणले की व्होल्ट मिळतो. सेकंदाला इतके पुंज म्हणजे इतके व्होल्ट! १९४६च्या व्याख्येतील नाते आधुनिक मापनशास्त्राने असे अधिक खोल नेऊन पक्के केले आहे.

नावामागचा माणूस

पुस्तकांत वेबरची ओळख बहुधा 'जर्मन शास्त्रज्ञ' या दोन शब्दांत संपते. विल्हेल्म एडुआर्ड वेबर (१८०४-१८९१) याच्यासाठी दोन शब्द फार अपुरे आहेत. १८३३ मध्ये त्याने आणि गणिती गाउसने गटिंगेन शहरात वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्या दरम्यान सुमारे एक किलोमीटर तार टाकून तारायंत्र चालवले. संदेश ओळखण्यासाठी चुंबक आणि वेटोळे वापरले होते. १८३७ मध्ये हॅनोव्हरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा जाहीर निषेध करणाऱ्या गटिंगेनच्या सात प्राध्यापकांत वेबर होता. त्याची नोकरी गेली. १८५६ मध्ये त्याने कोलराउशसह विद्युतप्रभाराच्या दोन प्रकारच्या एककांचे गुणोत्तर मोजले. ते प्रकाशाच्या वेगाशी निगडित आहे, ही गोष्ट पुढे मॅक्सवेलच्या प्रकाशविषयक सिद्धांताला मोठा आधार ठरली.

आपल्याशीही त्याचा एक धागा जुळतो. गाउस आणि वेबर यांनी पृथ्वीचे चुंबकत्व अनेक ठिकाणी एकाच वेळी मोजण्यासाठी वेधशाळांची जी संघटना उभारली, तिच्यातून जगभर अशा निरीक्षणांची लाट आली. त्याच काळात, १८४१ मध्ये, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय नोंदी सुरू झाल्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, आणि त्यांच्या धारांमुळे नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू करण्यात आली. तेथील नोंदी आजही चालू आहेत, आणि त्या नॅनोटेस्लात, म्हणजे दर चौरस मीटरला वेबरच्या अब्जाव्या भागात, लिहिल्या जातात. रायगड जिल्ह्यातील शिक्षकांना तरी वेबर हे नाव परके वाटू नये!

आमची सूचना

अभ्यासक्रम बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. क्रम बदलला तरी पुरे. प्रथम वेटोळे, चुंबक आणि गॅल्व्हानोमीटर यांचा प्रयोग. मग 'व्होल्टेज गुणिले वेळ' ही कायम राहणारी राशी आणि तिचे नाव अभिवाहातील बदल. मग वेबर म्हणजे व्होल्ट-सेकंद. त्यानंतर दर चौरस मीटरला एक वेबर म्हणजे टेस्ला. या क्रमाने टेस्लाही वर्तुळात न सापडता ओळखीचा होतो. रेषांचे चित्र या सर्वांच्या सोबतीला असावे. 'दहा कोटी रेषा' मात्र जुन्या पद्धतीच्या तळटिपेत ठेवाव्यात.

प्रश्नपत्रिकेतही बदल हवा. 'अभिवाहाचे एकक कोणते?' याऐवजी असे विचारता येईल : १०० वेढ्यांच्या वेटोळ्यातून ०.००००३ वेबर अभिवाह ०.०५ सेकंदात काढून घेतला, तर सरासरी किती व्होल्टेज मिळेल? तोच अभिवाह दुप्पट वेळात काढला, तर गुणाकारात काय फरक पडेल? ५० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजच्या २५ हर्ट्झच्या पुरवठ्याला जोडला, तर तो तापेल का, आणि कशामुळे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ०.०६ व्होल्ट आहे. उरलेली दोन उत्तरे आम्ही येथे देत नाही. या लेखातील माहितीवर ती विद्यार्थ्यांना स्वतःच काढता यावीत.